दोन जिवांची गाडी

माझ्या लहानपणी आमच्या बार्शीकडच्या गावात ‘हायब्रीड’ हा शब्द शिवीसारखा वापरीत असत. १९६४ साली सीएसएच-१ नावाची संकरित ज्वारी निघाली आणि पाहता पाहता ती खेडोपाडी जाऊन पोचली. पीक भरघोस, पण भाकरी म्हणाल तर ती थापताना चिरायची, आणि एकदा गार झाली म्हणजे तिला चावण्यापेक्षा तिच्याशी भांडणे सोपे जायचे. एखाद्या पोराला पोते उचलता आले नाही की पारावरचे म्हातारे लगेच म्हणत, “हायब्रीड खाऊन वाढलेलं दिसतंय!”

आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, या ज्वारीला सर्वांत जास्त नावे ठेवीत आणि पेरीतही सर्वांत जास्त तेच. खरिपात विकायला हायब्रीड आणि रब्बीत घरी खायला मालदांडी, असा त्यांचा रिवाज होता. हायब्रीड का पेरता, असे ग्रामसेवकाने विचारले तर ते देशाच्या अन्नटंचाईवर बोलत. काकूने विचारले तर सोसायटीच्या कर्जाकडे बोट दाखवीत. आणि खरे कारण, निदान गावाच्या मते, असे होते की बांधापलीकडच्या भावकीने आदल्या साली ती पेरली होती, आणि खळ्यावर त्यांची रास तात्यांच्या राशीपेक्षा वीतभर उंच दिसली होती.

पुढे मी बत्तीस वर्षे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. भाव चढला की मागणी उतरते, ही रेषा फळ्यावर इतक्या वेळा काढली की डोळे मिटूनही ती सरळ येई. पण तात्यांची ती वीतभर रास या रेषेत कुठे बसवायची, हे काही मला कोणत्या क्रमिक पुस्तकात सापडले नाही.

आज हे आठवायचे कारण म्हणजे तोच शब्द आता आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मोटारीच्या पाठीवर बसून परत आला आहे, आणि या खेपेला तो मोठ्या मानाने उच्चारला जातो. आमच्या वाहनतळात आजमितीस चार हायब्रीड गाड्या उभ्या आहेत. पाचवी घ्यावी की काय, अशी चर्चा आमच्या घरात वर्षभर चालू होती. आमची जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली. तिचे पुन्हा पासिंग करायचे की तिला निरोप द्यायचा, हा प्रश्न होता. म्हणून मी एक उद्योग आरंभला. ज्याने ज्याने ही गाडी घेतली त्याला त्याला विचारीत सुटलो, की बाबा रे, तू ही का घेतलीस?

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. हिच्यात पेट्रोलचे इंजिन असते, शिवाय विजेची मोटर असते आणि एक लहानशी बॅटरी असते. हळूहळू चालताना मोटर गाडी ओढते आणि इंजिन स्वस्थ बसते. वेग घ्यायचा झाला, चढ लागला, की इंजिन जागे होते. ब्रेक लावला की एरवी उष्णता होऊन वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपाने बॅटरीत परत जाते. घरी नेऊन तिला प्लग लावावा लागत नाही. ती आपली आपण भरते. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना हे सांगितले असते तर त्या नक्की म्हणाल्या असत्या, “दोन जिवांची आहे हो, सांभाळून चालवा!” कल्पना तशी नवी नाही. फर्डिनांड पोर्शे या गृहस्थाने १९०० साली व्हिएन्नात अशी एक गाडी बनवली होती आणि तिचे नाव ठेवले होते ‘सेम्पर व्हिव्हुस’, म्हणजे सदैव जिवंत. पेट्रोल स्वस्त झाले आणि ही कल्पना जवळजवळ शंभर वर्षे अडगळीत पडली. मग डिसेंबर १९९७ मध्ये टोयोटाने जपानात ‘प्रियस’ बाजारात आणली. प्रियस हाही लॅटिन शब्दच, अर्थ ‘आधी’. आपल्याकडे अशा काही महागड्या गाड्या येऊन गेल्या. पण मध्यमवर्गाने तिच्याकडे वळून पाहिले ते २०२२ साली, मारुतीची ग्रँड व्हिटारा आणि टोयोटाची हायरायडर निघाली तेव्हा. या दोघी जुळ्या बहिणी. एकाच कारखान्यात जन्मलेल्या, फक्त आडनावे निराळी.

आमच्या नात्यात पहिली हायब्रीड आली ती भाऊसाहेबांकडे. भाऊसाहेब म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. बँकेतून निवृत्त झालेले, वय ७२. त्यांनी गेल्या चाळीस वर्षांतल्या प्रत्येक वाहनाचे ‘अ‍ॅव्हरेज’ एका वहीत लिहून ठेवले आहे. पहिल्या स्कूटरपासून. गाय दिवसाला किती देते हे गवळ्याला जसे तोंडपाठ असते, तशी त्यांची गाडी लिटरला किती देते हे ते झोपेतही सांगतील. कंपन्यांच्या कसोटीचा २७.९७ हा आकडा त्यांनी जाहिरातीत वाचला आणि दशांश चिन्हानंतरच्या त्या दोन अंकांनी त्यांना जिंकले. “अठ्ठावीस म्हणाले असते तर मी विश्वास ठेवला नसता,” ते मला म्हणाले. “सत्त्याण्णव शतांश म्हणतो तो माणूस खोटं कशाला बोलेल?”

पाडव्याच्या मुहूर्तावर त्यांची गाडी दारात आली. तो सोहळा मी विसरणार नाही. गुरुजींनी स्वस्तिक काढले, नारळ फोडला, चारी चाकांखाली लिंबे ठेवली. “आता गाडी सुरू करा आणि पुढे घ्या,” गुरुजी म्हणाले. भाऊसाहेबांनी बटण दाबले. काही आवाज नाही. गुरुजी वाट पाहत समोरच उभे. “करा सुरू!” “झाली सुरू!” “अहो, कुठे झाली?” आणि एवढ्यात गाडी हाततोंडाने काही न बोलता हळूच पुढे सरकली, लिंबे चिरडली गेली आणि गुरुजी धोतर सावरीत शेजारच्या कुंडीवर बसले. ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही बरे का. अमेरिकेत आंधळ्या माणसांच्या संघटनांनी हीच तक्रार केली होती की या गाड्या जवळ आलेल्या कळतच नाहीत. त्यावर जानेवारी २०११ मध्ये तिथे कायदा झाला, आणि हळू चालताना अशा गाड्यांनी मुद्दाम आवाज करावा असे ठरले. शंभर वर्षे गाडीचा आवाज कमी करण्यासाठी झटलेल्या इंजिनिअरांना आता तो आवाज बसवण्याचे काम मिळाले आहे.

भाऊसाहेबांच्या हिशेबाकडे वळू. मी त्यांना कागदावर मांडून दाखवले. समजा, साध्या गाडीपेक्षा ही अडीच लाखांनी महाग. साधी लिटरला १४ किलोमीटर देते आणि ही २२, असे धरू. वर्षाकाठी तुमचे फिरणे ८,००० किलोमीटर. पेट्रोल १०० रुपये लिटर धरा. मुंबईत त्याने हा पल्ला मे २०२१ मध्येच ओलांडला. म्हणजे वर्षाला वाचले सुमारे २०७ लिटर, रुपये वीस हजार सातशे. अडीच लाख वसूल व्हायला बारा वर्षे लागतील. “म्हणजे एक सिंहस्थ,” मी म्हटले. “तुम्ही चौऱ्याऐंशीचे व्हाल, भाऊसाहेब.”

त्यांनी कागद शांतपणे पाहिला, माझी एक बेरीज तपासली आणि म्हणाले, “बरोबर आहे. पण मला पैसे वाचवायचे नाहीत. मला पेट्रोल वाचवायचं आहे.”

हा भेद आमच्या शास्त्रात नाही. पण मला तो तत्काळ पटला. ज्या माणसाने १९७३ नंतरचे पेट्रोलचे चढते भाव भर तारुण्यात पाहिले, चढावर स्कूटरवरून उतरून ती ढकलली आणि उतारावर इंजिन बंद करून सोडली, त्याला लिटरामागचे किलोमीटर हे पैशाचे माप राहत नाही. ते चारित्र्याचे माप होते. हल्ली ते कर्वे रस्त्यावरून इतक्या अलगद गाडी नेतात की मागचे लोक हॉर्न वाजवून थकतात. वातानुकूलन लावले की आकडा घसरतो म्हणून ते बंद. माझी बहीण घाम पुसत शेजारी बसलेली असते. तिला विचारले, तुझे काय मत? म्हणाली, “आकडा वाढला की त्यांचं ब्लडप्रेशर उतरतं. गोळीपेक्षा स्वस्त पडते म्हणायची.”

गंमत अशी की भाऊसाहेबांच्या घराण्यातली ही पहिली हायब्रीड नव्हेच. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कॅलिफोर्नियात सॅन होजेजवळ असतो. २००६ च्या उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेलो तेव्हा त्याच्या दारात प्रियस होती. मला वाटले, पित्याचे संस्कार! तसे काही नव्हते. तिथल्या हमरस्त्यावर एक मार्गिका राखून ठेवलेली असते. गाडीत दोन किंवा अधिक माणसे असतील तरच गर्दीच्या वेळी तिच्यातून जाता येते. एकट्याने बाकीच्या मार्गिकांत गोगलगाईसारखे सरकायचे. २००५ पासून कॅलिफोर्नियाने अशी सवलत दिली की ठराविक हायब्रीड गाड्यांना पिवळा बिल्ला चिकटवायचा आणि एकट्यानेच त्या राखीव मार्गिकेतून भरधाव जायचे. भाचा म्हणाला, “मामा, सकाळी अर्धा तास जास्त झोपायला मिळतं. पृथ्वी वाचली तर आनंदच आहे.” असे एकूण ८५ हजार बिल्ले वाटले गेले. बिल्ला लावलेली जुनी गाडी विकायला काढली तर बिल्ल्याचीही किंमत येई. १ जुलै २०११ रोजी ही सवलत संपली. भाच्याने पुढची गाडी साधी घेतली. भाऊसाहेबांना मात्र त्या सवलतीचे तर्कशास्त्र फार आवडले होते. “गाडीत दोन माणसं नाहीत ना? मग दोन यंत्रं आहेत, तीच दोन माणसं समजा. उत्तम!”

त्याच देशात २००७ साली एक पाहणी वर्तमानपत्रात छापून आली होती. प्रियस का घेतली, या प्रश्नाला निम्म्याहून अधिक लोकांनी सरळ उत्तर दिले होते, की ही गाडी माझ्याबद्दल लोकांना काही सांगते म्हणून. पेट्रोलची बचत त्यांच्या यादीत मागे पडली होती. प्रियसचा आकार असा विचित्र की ती दुसऱ्या कोणत्या गाडीसारखी दिसत नाही; दुरून पाहिली तरी कळते की हा मनुष्य पृथ्वीची काळजी वाहतो. होंडाने आपल्या नेहमीच्या सिव्हिक गाडीत असेच यंत्र बसवले, पण रूप जुनेच ठेवले. तिला ही मानाची जागा काही मिळाली नाही. पुढे सेक्स्टन नावाच्या अर्थशास्त्रज्ञ जोडीने कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतले आकडे तपासून २०१४ साली एक निबंध लिहिला. ज्या वस्तीत पर्यावरणप्रेमी जास्त, तिथे प्रियसचे हे ओळखू येणे लोकांना हजारो डॉलरपर्यंत मोलाचे वाटते, असे त्यांनी दाखवले. व्हेब्लेनने १८९९ मध्ये श्रीमंतांच्या दिखाऊ उधळपट्टीवर पुस्तक लिहिले होते. यांनी दिखाऊ काटकसर शोधून काढली. मला हा निबंध वाचताना तात्यांची रास आठवली आणि सेवानिवृत्तीनंतर का होईना, ती कुठे बसवायची हे कळले.

आपल्याकडे मात्र ही सोय नाही. इथे हायब्रीड आणि बिगर-हायब्रीड बाहेरून जवळजवळ सारखीच दिसते. पाठीमागे एक बारीकशी पट्टी, तीही चिखलाने झाकलेली. त्यामुळे ज्याला आपले पुण्य लोकांना कळावे असे वाटते त्याला ते तोंडाने सांगावे लागते. आणि ते सांगितले जाते! “चार्जिंगला किती वेळ लागतो हो?” असे कोणी भाबडेपणाने विचारले की मालकाचा चेहरा कसा उजळतो ते पाहण्यासारखे असते. पुढचा अर्धा तास तो तुम्हाला सोडीत नाही.

समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरांचे कारण ऐकून मी चकित झालो. त्यांना खरे तर पूर्ण विजेचीच गाडी घ्यायची होती. त्यांनी तळघरातल्या आपल्या जागेवर चार्जिंगची जोडणी घेण्यासाठी सोसायटीकडे अर्ज केला. अर्ज सर्वसाधारण सभेपुढे आला. मीटर स्वतंत्र की सामायिक, तार कोणाच्या भिंतीवरून न्यायची, आग लागली तर जबाबदार कोण, आणि आज एकाला दिली तर उद्या सगळेच मागतील त्याचे काय, अशी चर्चा झाली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी गाडी चार्ज होताना लिफ्ट मध्येच थांबेल अशी शंका काढली आणि तिला टाळ्या पडल्या. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेत मागील सभेच्या इतिवृत्तावरच वाद झाला. तिसऱ्या सभेची नोटीस फळ्यावर लागली त्या दिवशी डॉक्टरांनी जाऊन हायब्रीड नोंदवली. “मी हजारो पोटं उघडली,” ते मला म्हणाले, “पण सर, ती सभा पुन्हा उघडायचं बळ नाही माझ्यात.” माझा अंदाज असा की या देशातल्या पुष्कळ हायब्रीड गाड्यांच्या मुळाशी कुठली तरी सर्वसाधारण सभा सापडेल.

माझी सून बंगळूरला असते. तिच्या मते ही गाडी म्हणजे निव्वळ पळवाट आहे. “बाबा, उपास करायचा आणि साबुदाण्याच्या वड्यावर ताव मारायचा, तसलं आहे हे,” असे ती फोनवर म्हणाली. हिशेबाने तिचे बरोबर आहे. माझ्याच कागदावर पाहिले तर पेट्रोलचा तिसरा हिस्सा वाचतो. उरलेले दोन हिस्से जळतातच, आणि त्यांचा धूर आकाशातच जातो. सरकारचेही मत तिच्याच बाजूचे दिसते. विजेच्या गाडीवर कर पाच टक्के; मोठ्या हायब्रीडवर सप्टेंबर २०२५ पर्यंत तो उपकर धरून ४३ टक्के होता, आता ४० आहे. पण वडे खाऊन का होईना, उपास करणारा मनुष्य निदान त्या दिवशी आठवण ठेवतो, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, “आठवण ठेवून वजन उतरत नाही, बाबा.” मी विषय नातवावर नेला.

आता नानांविषयी सांगायचे आहे.

नाना आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. पाटबंधारे खात्यात होते, स्वभावाने अबोल. मूळ घर चिपळूणच्या पुढे, गुहागरच्या रस्त्यावर. तिथे त्यांचे धाकटे भाऊ, भावजय आणि आई. आईंचे वय तेव्हा ९१. नाना दर दुसऱ्या शनिवारी न चुकता जात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपली चांगली चालणारी गाडी विकून हायब्रीड घेतली, तेव्हा सगळ्यांनाच आश्चर्य वाटले; कारण नाना नवी चप्पलही जुनी तुटल्याशिवाय घेत नाहीत. मी माझ्या उद्योगात त्यांनाही प्रश्न विचारला. ते पुष्कळ वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, सीएनजीची घ्यावी तर पंपावर रांग. विजेची घ्यावी तर चार्जिंग किती उरलंय हे पाहावं लागणार. रात्री दोन वाजता फोन आला तर मला कशाकडेही बघायला लागू नये. नुसतं बसायचं आणि निघायचं.”

फोन कुठून आला तर, हे त्यांनी सांगितले नाही. मी विचारले नाही.

ही ४५ लिटरची टाकी एकदा भरली की पुण्याहून त्यांच्या गावी जाऊन परत येऊन पुन्हा एकदा जाण्याइतके पेट्रोल तिच्यात राहते. टाकी अर्ध्यावर यायच्या आत ते ती भरीत. दर शनिवारी संध्याकाळी, गावी जायचे असो वा नसो, पंपावर एक फेरी ठरलेली.

आईंना मात्र ही गाडी पसंत नव्हती. जुन्या गाडीचा आवाज त्यांना ओळखता येई. घराच्या अलीकडे एक वळण आहे; तिथे गाडी आली की त्या ओटीवरून उठून चहाचे आधण ठेवायला सांगत. नाना पायरीवर येईपर्यंत कप तयार. नवी गाडी वळणावरून आली की बॅटरीवर येई, आणि आईंना पत्ताच लागत नसे. “मेली चोरासारखी येते,” त्या म्हणत. मग नाना वळणावर हॉर्न वाजवू लागले. दोनदा आखूड, एकदा लांब.

गेल्या वर्षी आषाढात, रात्री दीड वाजता, नानांनी आमची बेल वाजवली. फोन आला होता. त्यांच्या पत्नींचे नुकतेच गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, मुलगा परदेशी. “सर, येता का सोबत? फक्त बोलत राहा माझ्याशी. झोप लागायला नको.” मी शर्ट चढवला. आमच्या हिने थर्मासात चहा भरून दिला आणि गाडी निघाली. आवाज न करता निघाली म्हणून चौकीदारही जागा झाला नाही.

नवले पूल, खंबाटकी, सातारा. पाऊस इतका की समोरच्या ट्रकचा लाल दिवाच काय तो रस्ता. बोलायचे असे ठरले होते, पण मी काय बोलणार? मी समोरच्या पडद्यावरचे बाण वाचून दाखवू लागलो. इंजिनातून चाकाकडे. बॅटरीतून चाकाकडे. चाकातून बॅटरीकडे. नाना “हं” म्हणत. उंब्रजला डावीकडचा हमरस्ता सोडून आम्ही पाटणकडे वळलो, तेव्हा काटा पाऊण टाकीवर होता. पंपावर थांबावे का, हा विचार त्या साऱ्या रात्रीत एकदाही आमच्या मनात आला नाही. कोयनानगरच्या पुढे धुके भेटले.

कुंभार्ली घाट उतरताना नानांनी दांडा ‘बी’वर टाकला. उतारावर गाडी आपोआप धरून राहते आणि बॅटरी भरत जाते. इंजिन बंद होते. पावसाचा आवाज, काचेवरच्या वायपरचा आवाज आणि कुठे तरी कड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज, एवढेच. नाना प्रथमच आपण होऊन बोलले. लहानपणी आईबरोबर एस.टी.ने हा घाट चढताना उलटी व्हायची, आणि आई पदरात आवळा घेऊन बसायची, असे काहीसे. वाक्य त्यांनी पुरे केले नाही.

पोफळीला उजाडले. वळणावर आलो तेव्हा पावणेसात झाले होते. नानांनी हॉर्न वाजवला. दोनदा आखूड, एकदा लांब.

आई होत्या. बोलत नव्हत्या, दोन दिवसांपासून डोळेही उघडले नव्हते. भावजय म्हणाली, “आत्ता हॉर्नला उघडले, भाऊजी.” नाना ओल्या चपलांनिशी आत गेले. मी ओटीवर बसून थर्मासातला उरलेला चहा प्यालो. त्यानंतर आई सतरा दिवस होत्या. त्यांतले बहुतेक दिवस नाना तिथेच होते.

या गोष्टीला आता वर्ष उलटून गेले. नाना गावी क्वचितच जातात. गाडी खाली उभी असते. तिच्यावर समोरच्या बुचाची फुले पडतात. मात्र शनिवारी संध्याकाळी पंपावरची फेरी अजून चुकलेली नाही. टाकीत मावते किती? दोन लिटर, फार तर अडीच. पंपावरचा पोऱ्या आता त्यांना ओळखतो. विचारीतसुद्धा नाही, नळी लावतो आणि काढतो.

आमच्या घरी मात्र घ्यावी की न घ्यावी हा घोळ चालूच होता. आमच्या हिचे कारण दर आठवड्याला बदले. कधी तिला वातानुकूलन चांगले हवे असे, कधी बसायची जागा उंच हवी असे. सांगलीला भावाकडे तिची आई असते, तिला गुडघे वाकवून खालच्या गाडीत बसवत नाही, असेही ती एकदा म्हणाली होती. मी प्रत्येक कारणाला माझा बारा वर्षांचा कागद दाखवीत असे. अखेर परवा, कोजागिरीच्या दुधाला नाना वर आले होते तेव्हा, तिने मला न विचारताच विषय काढला. “नाना, तुम्ही गाडी काढणार असाल तर आम्हाला सांगा.”

नानांनी पेला खाली ठेवला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मला वाटले, हिने नको ते विचारले.

“घेऊन जा, वहिनी,” ते म्हणाले. “पाडव्याला घेऊन जा. किमतीचं सर आणि मी बघू. फक्त एक, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका.”

“नाही जाऊ देणार,” ही म्हणाली, आणि त्यांच्या पेल्यात आणखी दूध ओतू लागली.